जैसे थे

सिन्नरमध्ये एन. ए. लेआउट पडला की कागदावर 10 टक्के जागा 'ओपन स्पेस' म्हणून सुटते, आणि सुटल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती भरायला लागते. आधी शेंदूर फासलेला एक दगड येतो. मग दगडाला चौथरा, चौथऱ्यावर पत्रा, पत्र्यावर कळस. मग सभामंडप, त्यावर देणगीदारांची संगमरवरी पाटी, आणि पाटीत एकाचं नाव राहिलं म्हणून दुसरी पाटी. उरलेल्या जागेत दोन बाक, त्यांच्या पाठीवर ठळक अक्षरात 'सौजन्य'. एवढं सगळं होऊनही आमच्या कॉलनीत बॅडमिंटनच्या कोर्टाएवढी जमीन मोकळी राहिली. हे कमिटीच्या लक्षात आलं तेव्हा सगळ्यांनाच चोरट्यासारखं झालं.

त्या सुमारास 'माझी वसुंधरा'ची हवा होती. राज्य सरकारने 2 ऑक्टोबर 2020 ला हे अभियान सुरू केलं. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर गावांना आणि शहरांना गुण मिळतात, आणि गुण म्हटलं की आपल्याकडे साठी उलटलेल्या माणसालाही झोप लागत नाही. गणपतीच्या हिशोबाच्या बैठकीत विषय निघाला. हायस्कूलला जीवशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी फुलपाखरू उद्यान सुचवलं. फुलपाखरू कुठल्या तत्त्वात बसवायचं यावर पाऊण तास गेला. उडतं म्हणून वायू, असं एक मत. बसतं म्हणून भूमी, असं दुसरं. माळेगाव एमआयडीसीतून सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले आमचे अध्यक्ष म्हणाले, "दोन्हीकडे दाखवू. गुण डबल."

मॅडम तयारीनिशी आल्या होत्या. ठाण्याला घोडबंदर रोडवर राजेंद्र ओवळेकरांनी घरच्या जमिनीत फुलपाखरांना लागणारी झाडं लावून कशी बाग उभी केली, हे त्यांनी सांगितलं. आंबोलीच्या पायथ्याचं पारपोली आता फुलपाखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं आणि तिथे पर्यटक येतात, हेही सांगितलं. अध्यक्षांनी वहीत 'पर्यटक' एवढाच शब्द लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मॅडम पुढे म्हणत होत्या की आधी अळ्यांच्या खाद्यवनस्पती लावायला हव्यात. पण तोवर चहा आला आणि अळ्यांचा विषय कपबशांच्या आवाजात गेला.

उद्यान झालं. चहूबाजूंनी पेव्हर ब्लॉक, मध्ये कातरलेलं लॉन, कडेने ड्युरांटा, कोपऱ्यात चार बॉटल पाम. भिंतीवर एका पेंटरने दोन भलेमोठे पंख रंगवले. मध्ये उभं राहून फोटो काढला की माणूस फुलपाखरू दिसतो. आमच्या अध्यक्षांचा तसा फोटो आहे, पण तो ते आता दाखवत नाहीत. प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागला. महाराष्ट्राने 2015 साली ब्लू मॉर्मनला, म्हणजे नीलवंताला, राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं हे देशातलं पहिलं राज्य. फ्लेक्सवर तो नीलवंत हवा, असं ठरलं होतं. फ्लेक्सवाल्याने 'बटरफ्लाय' टाकून पहिलं आलेलं चित्र उचललं आणि अमेरिकेतलं मोनार्क छापलं. हे मोनार्क थंडी पडली की कॅनडापासून उडत मेक्सिकोला जातं. सिन्नरला यायचं तर त्याला समुद्र ओलांडून, समृद्धी महामार्गाने येऊन गोंद्याला खाली उतरावं लागेल.

उद्घाटनाला मान्यवर आले, नारळ फुटला, भाषणं झाली. फुलपाखरं तेवढी आली नाहीत. तशी एकदा एक आलं होतं. ते सरळ फ्लेक्सवर गेलं, छापलेल्या फुलावर बसलं, सोंड लावून पाहिली आणि जे गेलं ते रस्त्यापलीकडे.

रस्त्यापलीकडे 'तो' प्लॉट आहे.

प्रत्येक कॉलनीत असा एक प्लॉट असतो. आमचा दोन भावांचा आहे. वाटणीवरून दावा लागला, दोघांच्या वकिलांची घरं बांधून झाली, आणि कोर्टाने निकाल लागेपर्यंत 'जैसे थे' ठेवण्याचा हुकूम दिला. थोरल्याने तिथे कुंपण घातलं तर धाकटा अर्ज करतो. धाकट्याने गवत कापलं तर थोरला फोटो काढतो. त्यामुळे त्या जमिनीला कित्येक वर्षांत विळा लागलेला नाही, की फवारणीचा पंप लागलेला नाही. कॉलनीतल्या लोकांनी तिथल्या घाणीबद्दल इतके अर्ज दिलेत की आमच्यातल्या तिघांचं मराठी शुद्धलेखन सुधारलं.

पावसाळा संपताना मॅडमनी तिथे नववीच्या मुलांना उभं केलं. आत शिरले तर दोन्ही भाऊ पार्टी करतील, म्हणून रस्त्याच्या कडेनेच. मुलं वहीत नोंदी करत होती आणि आम्ही बाकावरून बघत होतो. रुईची चार झुडपं, त्यांवर काळ्या कडांची केशरी फुलपाखरं. टाकळ्याचं रान, त्यावर पिवळी आणि पांढरी. एरंडावर विटकरी रंगाची. कडेच्या जुन्या आंब्यावर बांडगूळ, आणि त्या बांडगुळावर वाढणारं एक असं देखणं फुलपाखरू की पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा आणि लाल रंग शेजारी शेजारी. राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं दिली तेव्हा याचं नाव हळदीकुंकू ठेवलं. कुणाच्या तरी घरी संक्रांतीला मान मिळाल्याशिवाय असं नाव सुचत नाही. खाली ओलसर जागेत घोळीची भाजी माजली होती. तिच्यावर अंडी घालणारी एक मादी रुईवरच्या विषारी केशरी फुलपाखराचं हुबेहूब सोंग घेते, म्हणजे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. ओळखपत्र नसताना ओळखीवर फिरणारी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, पण इतकं चोख काम कुणाचं नाही.

यातली मेख मॅडमनी आम्हाला बाकापाशी येऊन सांगितली. मध प्यायला फुलपाखराला कुठलंही फूल चालतं. घाणेरी परदेशातून आलेली, एकदांडीही परदेशातूनच, दोन्हींवर ती आनंदाने बसतात. पण अंडी घालताना ठरलेलंच झाड लागतं, कारण अळी दुसरं काही खात नाही. चहा कुठल्याही टपरीवर चालतो, बाळंतपणाला मात्र माहेरच लागतं. आम्ही टपरी बांधली होती, तीही पेव्हर ब्लॉकची. त्यातून बॉटल पाम आणि ड्युरांटा हे इथल्या बहुतेक फुलपाखरांचं ना सासर ना माहेर.

"मग रुई लावू," अध्यक्ष म्हणाले.

इथे धर्म आडवा आला. दारात रुई नको, असं कॉलनीतल्या निम्म्या घरांचं म्हणणं. उरलेल्या निम्म्यांना रुई हवी होती, पण दर शनिवारी मारुतीला पानांची माळ घालायला. म्हणजे प्लॉटवरच्या रुईला कोर्टाचं संरक्षण रविवार ते शुक्रवार. शनिवारी सकाळी हात बाहेरूनच लांब होतात आणि पानं खुडली जातात. ही केशरी फुलपाखरं पानाच्या खालच्या बाजूला एकेकच अंडं घालतात, अगदी मोहरीपेक्षा लहान. ते कुणाला दिसणार? एका शनिवारी सभामंडपातल्या मारुतीच्या गळ्यातल्या माळेवर एक अळी चालताना पुजाऱ्यांनी पाहिली. पांढरे, काळे, पिवळे पट्टे, आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या. त्यांनी ओरडायच्या आत मॅडमचा एक विद्यार्थी पुढे झाला. "काका, थांबा. ती आधी शीर तोडते, बघा."

आणि आम्ही खरंच बघत राहिलो. अळी पानाच्या मधल्या शिरेवर गेली आणि ती कुरतडू लागली. रुईचा चीक विषारी आणि चिकट, तोंड चिकटून बसायचं. म्हणून ती आधी शीर तोडून चिकाची वाट बंद करते आणि मग पुढचं पान स्वस्थपणे खाते. मेन व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय नळाला हात लावू नये, हे आमच्या प्लंबरला अजून जमलेलं नाही. जो काही चीक पोटात जातो, तो फुलपाखरू झाल्यावरही अंगात राहतो, म्हणून पक्षी त्याला एकदा चाखून थुंकतात. पुजाऱ्यांनी माळ उतरवली नाही. मारुतीने लंकेत शेपटीला आग सहन केली, त्याला एका अळीचं काय, असा त्यांनी निकाल दिला. आता दर शनिवारी माळ ओवण्याआधी पानं उलटी करून बघायची, असा कॉलनीत नियम आहे. अंडं दिसलं तर पान झाडावरच ठेवायचं. भाविकांना चष्मे लावून माळा कराव्या लागतात.

कढीपत्त्याचं प्रकरण याहून अवघड गेलं, कारण तिथे स्वयंपाकघराचा संबंध होता. बी-विंगच्या काकूंचा कढीपत्ता हा कॉलनीचा सार्वजनिक कढीपत्ता. फोडणी टाकली की माणूस तिकडेच धावतो. एका सकाळी काकूंना पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली. पुसायला गेल्या तर विष्ठा चालू लागली. लिंबू-कढीपत्त्यावरच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब विष्ठेसारखी दिसते, म्हणजे तिला कुणी खायला जात नाही. मोठी झाली की हिरवीगार होते. काकूंनी काडीने तिला ढोसलं. त्यासरशी तिच्या डोक्यामागून दोन टोकांचं शेंदरी शिंग बाहेर आलं आणि असा आंबूस उग्र वास सुटला की काकूंनी काडी, ताटली आणि अळी, तिन्ही शेजाऱ्यांच्या दारात टाकली.

औषध नानांनी सुचवलं. नाना हयातभर बिडीच्या धंद्यात मुनीम होते, आणि सिन्नरमध्ये बिडीच्या धंद्यातल्या माणसाला जगातल्या कुठल्याही किडीवर एकच उपाय ठाऊक असतो. "तंबाखूचा चुरा रात्रभर भिजत घाला, सकाळी उकळा, गाळा, मारा. पान हलायचं नाही." उपाय चालतो यात शंका नाही, निकोटीन हे जुनं कीटकनाशकच आहे. अडचण एवढीच की ते अळीवर चालतं तसं मधमाशीवरही चालतं, आणि त्याच कढीपत्त्याची आमटी संध्याकाळी 3 घरांत होणार होती. मॅडम म्हणाल्या, "काकू, एक फांदी तिला द्या, बाकीचं झाड तुमचं." काकू म्हणाल्या, "आणि ती माझ्या फांदीवर आली तर?" याला जीवशास्त्रात उत्तर नाही. अळी रोज हाताने उचलून तिच्या फांदीवर ठेवायची, असा तोडगा निघाला. पुढे काकू स्वतःच ते करू लागल्या, "चल गं बाई, तुझ्या घरी," म्हणत. एके दिवशी ती कोश करून बसली आणि काकूंच्या चेहऱ्यावर मुलगी परगावी शिकायला गेल्याची कळा आली. कोश नंतर मुलांनी फांदीसकट शाळेत नेला. सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी फुलपाखरू बाहेर पडलं, पंख वाळेपर्यंत खिडकीत लटकलं, आणि त्या दिवशी शाळेत राष्ट्रगीतानंतरची शांतता कधी नव्हे इतकी लांबली. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात चित्र आहेच: अंडी, अळी, कोश, फुलपाखरू, चार बाण. परीक्षेत तेच काढायचं असतं. पण त्या वर्षी एका मुलाने अळीच्या बाणाशेजारी 'काकू' असं लिहिलं, आणि सरांनी अर्धा गुण कापला.

आता शेतकऱ्याची बाजू. ती ऐकल्याशिवाय या तालुक्यात कुठलाही विषय संपत नाही. आमच्या एका मामांची डाळिंबाची बाग आहे. त्यांच्यासमोर फुलपाखरांचं कौतुक सुरू करून बघा. डाळिंब पोखरणारी अळी ही फुलपाखराचीच लेक. नर जांभळट-निळा, उन्हात झळाळणारा. मादी फळाजवळ अंडं घालते, अळी आत शिरते आणि दाणे खात बसते, भोकातून वास मारणारा रस गळतो. "तुम्ही त्याला नीलम, पुष्कराज काय म्हणायचं ते म्हणा," मामा म्हणाले, "मी त्याला खर्च म्हणतो." मॅडम गप्प बसल्या. बागवानाच्या समोर फुलपाखराची वकिली करणारी माणसं बहुतेक शहरातून भाजी विकत घेणारी असतात.

पण हेच मामा बहार धरला की मधपेट्या भाड्याने आणून बागेत ठेवतात. त्या काळात फवारणी सकाळी करायची नाही, संध्याकाळी माश्या परतल्यावर करायची, हे त्यांनी गड्याला तीनदा बजावलेलं असतं. कांद्याचं बी धरणाऱ्यांची तीच कथा. डोंगळ्याच्या गोंड्यांवर माशी फिरली नाही तर बी भरत नाही, मग माणसं लावून गोंड्यांवरून हात फिरवायची वेळ येते. पेट्यांतली माशी बहुधा युरोपीय मेलिफेरा. आपली फुलोरी झुडपात एकच पोळं लावते, सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीत, आग्या उंच फांदीवर नाहीतर पाण्याच्या टाकीखाली. या तिघी भाडं घेत नाहीत. त्यांना बांधावरची झुडपं लागतात, आणि बांध मामांनी उन्हाळ्यात पेटवून लख्ख केलेला असतो.

टोमॅटोचं तर आणखी गमतीचं. पांढुर्लीच्या बाजारात क्रेट लागतात तेव्हा कुणाच्या ध्यानात येत नाही, पण टोमॅटोच्या फुलाचे पराग अशा नळ्यांत बंद असतात की फूल थरथरवल्याशिवाय ते नीट झडत नाहीत. वारा थोडंफार काम करतो. मोहोळाच्या मधमाशीला ते जमत नाही. ते जमतं एकटी राहणाऱ्या निळ्या पट्ट्याच्या माशीला. ती फुलाला मिठी मारते, पंख न हलवता छातीचे स्नायू गुणगुणवते आणि पराग अंगावर पाडून घेते. ही माशी घर करते ते जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ पाडून. आणि आमच्या उद्यानातली जमीन, सांगितलंच, पेव्हर ब्लॉकखाली.

हे कळल्यावर अध्यक्षांनी एक धाडस केलं. कोपऱ्यातले 30 ब्लॉक उखडून माती उघडी केली, शेजारी लिंबाचं रोप, कढीपत्ता, टाकळ्याचं बी. गणपती मंडपाचे जुने बांबू तिथेच आडवे ठेवले, कारण लाकडात घर करणाऱ्या काळ्या भुंग्याने त्यांना आधीच भोकं पाडलेली होती. बोर्ड लावला: 'फुलपाखरांचा अधिवास. येथे साफसफाई करू नये.' पहिल्याच आठवड्यात तिथे निर्माल्य, फाटकी गादी आणि एक कमोड येऊन पडला. साफसफाई करायची नाही म्हणजे कचरा टाकायला परवानगी, असा लोकांनी अर्थ घेतला. बोर्डाखाली दुसरा बोर्ड लावावा लागला. संवर्धनाचं निम्मं काम पाटी लिहिण्यात जातं, हे आमच्या पाहण्यात आहे.

गळक्या व्हॉल्व्हची तक्रारही मग मागे घेण्यात आली. कॉलनीच्या तोंडाशी व्हॉल्व्हपाशी कायम चिखल असायचा, आणि त्या चिखलावर दुपारी फुलपाखरांचा घोळका बसायचा. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे ते बहुतेक नर असतात, चिखलातले क्षार शोषून घेतात आणि लग्नात ते मादीला देतात. "म्हणजे हुंडा मुलगा देतो?" नानांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. सिन्नरसारख्या टँकर बघितलेल्या गावात गळका व्हॉल्व्ह तसाच ठेवणं पाप आहे, त्यामुळे शेवटी तो दुरुस्त झाला आणि आता एक जण आंघोळीनंतर बादलीभर पाणी उघड्या मातीवर ओततो. त्यात चिमूटभर मीठ टाकायचं की नाही यावर बैठक व्हायची आहे.

एवढं करूनही आमच्या कोपऱ्यात येतात ती दोन-चार. प्लॉटवर मात्र दिवाळीपर्यंत वर्दळ. आणि नेमक्या याच वर्षी बातमी आली की दोघे भाऊ लोकअदालतीत तडजोड करणार आहेत. जागा विकायची, पैसे निम्मे-निम्मे. बिल्डरही ठरला होता म्हणे, आणि त्याच्या ब्रोशरवर, मॅडमनी पाहिलं, मुखपृष्ठावर फुलपाखरू होतं. मोनार्क.

कित्येक वर्षं "भावांनी भांडू नये हो" म्हणणारी आमची कॉलनी एका रात्रीत बदलली. अध्यक्ष थोरल्याकडे गेले. आजकाल जमिनीचे भाव काय वेगाने चढतात, एवढी घाई कशाला, असं म्हणून चहा पिऊन आले. काकू धाकट्याच्या घरी कढीपत्ता देऊन आल्या आणि बोलता बोलता थोरल्याने लोकांत काय काय बोलून ठेवलंय ते सांगून आल्या. नानांनी दोघांच्याही वकिलांना गाठलं, पण त्यांना काही सांगावं लागलं नाही.

लोकअदालतीच्या दिवशी सगळं जुळलं होतं. फक्त आंब्यावर अडलं. बांडगुळाने वाळत चाललंय तर तोडून लाकूड विकू, थोरला म्हणाला. आबांच्या हातचं झाड आहे, धाकटा म्हणाला. मग आबा कुणाचे जास्त, यावर विषय गेला, तिथून दवाखान्याच्या बिलावर, तिथून आईच्या पाटल्यांवर. दुपारी दोघे वेगवेगळ्या रिक्षांनी परतले.

संध्याकाळी ओपन स्पेसमध्ये पेढे वाटले. कशाचे, हे कुणी विचारलं नाही. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली आहे, आणि मॅडमनी ती शाळेच्या क्षेत्रभेटीच्या वेळापत्रकात आधीच लिहून टाकली आहे.